उत्तर नॉर्वेतला हिवाळी युद्धसराव घड्याळ लावून पाहा

प्रश्न आलाय तो थोडक्यात असा: साधारण दर दोन वर्षांनी मार्चमध्ये नॉर्वेच्या उत्तरेला वीस-तीस हजार सैनिक जमतात, तेही डझनावारी देशांचे. थंडीत लढायला शिकायचं तर आपापल्या घरी शिका, एवढी जत्रा कशाला? हा सगळा रशियाला दाखवायचा देखावा आहे का? आणि सियाचिन पचवलेल्या आपल्या जवानांना हे म्हणजे डाव्या हाताचा मळ, नाही का?

शेवटच्या प्रश्नामागचा अभिमान मला समजतो, माझ्यातही तो आहे. मी पायदळात होतो, ग्लेशियरवर चौकी सांभाळली आहे आणि नंतर बर्फातल्या युद्धाचं प्रशिक्षण देण्याचं कामही केलं आहे. आमच्याकडे शिकायला परदेशी अधिकारी येत. त्यांच्याशी होणाऱ्या गप्पांमधून दोन्हीकडची थंडी एकमेकींशी ताडून पाहायची सवय लागली. त्यातून माझं एक मत पक्कं झालं: बर्फात सैन्याचा सगळ्यात जास्त खर्च होतो तो वेळेचा. थंडी माणसाला मारते ते नंतर, आधी ती त्याचे तास खाते. नॉर्वेतला सराव समजून घ्यायचा तर तो घड्याळ लावूनच पाहावा.

आधी हा सराव काय आहे ते सांगतो. ‘कोल्ड रिस्पॉन्स’ हा नॉर्वेच्या सैन्याने २००६ मध्ये सुरू केलेला सराव. यजमान नॉर्वे, पाहुणे नाटोतले आणि मित्रदेशांतले. २०२० चा सराव कोरोनामुळे गुंडाळावा लागला. २०२२ मध्ये २७ देशांचे सुमारे ३० हजार सैनिक आले. फिनलंड आणि स्वीडन तेव्हा नाटोत नव्हते, तरी सरावात होते. २०२४ मध्ये मैदान नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंड अशा तिन्ही देशांच्या उत्तरेत पसरलं, २० हजारांहून अधिक सैनिक उतरले आणि सरावाचं नाव ‘नॉर्डिक रिस्पॉन्स’ झालं. तो ३ मार्चला सुरू झाला आणि ७ मार्चला, सराव चालू असतानाच, स्वीडन नाटोचा सदस्य झाला. मार्चच का, असंही विचारतात. उत्तर नॉर्वेतल्या ट्रोम्सो शहरात नोव्हेंबरअखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येतच नाही. मार्चमध्ये दिवस-रात्र जवळजवळ सारखे असतात आणि बर्फही भरपूर साठलेला असतो. हजारो वाहनं, जहाजं आणि विमानं एकाच वेळी हलवायची तर उजेड लागतो.

आर्क्टिक म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे उणे चाळीस येतं. नार्विक आणि ट्रोम्सो दोन्ही आर्क्टिक वर्तुळाच्या आत आहेत, ट्रोम्सो तर ७० अंश उत्तरेच्या अगदी जवळ. पण अटलांटिकच्या उबदार प्रवाहामुळे ही बंदरं गोठत नाहीत. भर हिवाळ्यात किनाऱ्यावरचं सरासरी तापमान शून्याखाली जेमतेम चार-पाच अंश असतं. तिथून थोडं आत, बार्डुफॉस किंवा सेटरमोएनच्या दऱ्यांत शिरलं की पारा उणे पंचवीस-तीसपर्यंतही उतरतो. म्हणजे जहाजातून उतरलेली तुकडी दिवसा पावसात किंवा ओल्या बर्फात भिजते आणि रात्री दरीत तीच ओली तुकडी कडाक्यात सापडते.

मला विचाराल तर कोरडे उणे वीस अंश परवडले. बर्फ पिठासारखा असतो, कपड्यावर पडला तर झटकून टाकता येतो. शून्याच्या आसपासचा बर्फ कपड्यावर वितळतो, हातमोज्यांत मुरतो, बुटाच्या शिवणीतून आत जातो. ओला कपडा ऊब धरत नाही. त्यात वारा आला की हिशोबच बदलतो: उणे वीस अंशांत ताशी ३० किलोमीटर वारा असेल तर उघड्या कातडीला ते उणे ३३ इतकं जाणवतं. म्हणून नॉर्वेत पहिला धडा अंगाला लोकर आणि चालायला लागण्याआधी एक थर कमी. निघताना थंडी वाजली पाहिजे. निघतानाच उबदार वाटत असेल तर अर्ध्या तासात घाम येणार, आणि बर्फातला घाम म्हणजे स्वतःच अंगावर ओतून घेतलेलं पाणी. कापसाचा बनियन घालून येणाऱ्या प्रत्येक नवख्याला हे सांगावं लागतं, मग तो साताऱ्याचा असो की टेक्सासचा. नॉर्वेतल्याच एका लष्करी अधिकाऱ्याने १९३३ मध्ये मासेमारीच्या जुन्या जाळ्यांपासून जाळीदार बनियन बनवला, अंगालगत हवेचा थर राहावा आणि घाम बाहेर जावा म्हणून. आजही तो प्रकार वापरात आहे.

आता घड्याळ लावू. दहा जणांचं एक सेक्शन दिवसभर स्कीवर चाललं आहे, मागे सामानाची घसरगाडी ओढत. संध्याकाळी झाडीत मुक्काम करायचा आहे. घरबसल्या वाटतं, तंबू ठोकायचा आणि झोपायचं. प्रत्यक्षात आधी वरचा उतार बघायचा, कारण तीस ते पंचेचाळीस अंशांचा उतार डोक्यावर असेल तर तिथे मुक्काम नाही. मग पहारा लावायचा. मग स्की न काढता जागा तुडवायची, कारण स्की काढलेला माणूस कमरेपर्यंत आत जातो. तुडवलेला बर्फ थोडा घट्ट होऊ द्यायचा, नाहीतर रात्री झोपलेल्याच्या अंगाखाली खड्डे पडतात. तंबूच्या दाराशी एक चर खणायचा, थंड हवा जड असते, ती तिथे बसते. स्की आणि काठ्या बर्फात उभ्या रोवायच्या. आडव्या ठेवलेल्या स्की रात्री बर्फ पडला की सकाळी सापडत नाहीत, हे एकदा अनुभवलेला जवान आयुष्यभर विसरत नाही.

रायफल तंबूबाहेर, बर्फ आत जाणार नाही अशी. ही गोष्ट नवख्याच्या गळी उतरवणं सगळ्यात अवघड, कारण हत्यार जवळ घेऊन झोपायचं हे त्याच्या अंगात मुरलेलं असतं. पण उणे वीसमधलं लोखंड उबदार तंबूत आणलं की त्यावर दंव जमतं, दंवाचं पाणी होतं, ते बोल्टच्या आत शिरतं. पहाटे बाहेर नेलं की गोठतं आणि रायफल निव्वळ काठी होते. नेहमीचं तेलही दाट होतं, म्हणून ते पुसून थंडीसाठीचं वंगण अगदी कमी लावायचं.

मग स्टोव्ह. तो पेटवण्याचं काम ठरलेल्या माणसाचंच, आणि त्याने ते आधी पुन्हा पुन्हा केलेलं असलं पाहिजे. थंडीत इंधन द्रवच राहतं, पण त्याचं तापमान बाहेरच्या हवेइतकं असतं. उणे तीसमधलं पेट्रोल बोटांवर सांडलं तर क्षणात हिमदंश होतो. स्टोव्ह पेटला की पाणी. चांगल्या भुसभुशीत बर्फाचं दहा भांडी भरून एक भांडं पाणी मिळतं. कोरडा बर्फ तापल्या भांड्यात टाकला तर भांडं करपतं आणि पाण्याला जळका वास येतो, म्हणून तळाशी थोडं पाणी आधी ठेवायचंच. माणशी चार-पाच लिटर पाणी लागतं, कारण पिणं आलं, चहा आला आणि सुकवलेल्या जेवणात ओतायचं पाणीही आलं. दहा माणसांचे झाले चाळीस-पन्नास लिटर. स्टोव्ह तासन् तास चालतो. तेवढ्यात ओले मोजे अंगावरच, आतल्या थरात, सुकत ठेवायचे, बुटांची आतली अस्तरं झोपायच्या पिशवीत घ्यायची, एकमेकांचे पाय आणि चेहरे बघायचे. नाकाच्या शेंड्यावर किंवा गालावर पांढरा, मेणासारखा डाग दिसला की तळहात टेकवून ऊब द्यायची. बर्फ चोळायचा नाही. बर्फ चोळण्याचा जुना सल्ला अजूनही कुणी ना कुणी देतोच. रात्रभर स्टोव्हजवळ एक जण जागा, आगीसाठी आणि त्याहून जास्त कार्बन मोनॉक्साइडसाठी. तंबूचं वरचं तोंड ऊब जाते म्हणून बंद करणारा माणूस सगळ्या तंबूला झोपेतच मारू शकतो.

यातलं काहीच अवघड नाही, पण सगळं हातांनी करायचं असतं आणि हातमोजे काढायचे नसतात. जाड मोज्यातून बुटाची नाडी बांधून पाहा, म्हणजे कळेल. नवखं सेक्शन या सगळ्याला तीन तास घेतं, मुरलेलं सेक्शन तासाभरात आटोपतं. पहाटे हेच उलट्या क्रमाने. रोजचा चारेक तासांचा हा फरक कुठून येतो? झोपेतून. आणि दोन रात्री झोप न झालेला माणूस तिसऱ्या दिवशी मोजे बदलायचा कंटाळा करतो. बर्फात पाय जायची सुरुवात बहुतेक वेळा तिथून होते. म्हणून मी म्हणतो की आर्क्टिक सरावात आधी राहायला शिकवतात, मग चालायला, मग लढायला. ब्रिटनच्या रॉयल मरीन कमांडोंचं प्रशिक्षणही याच क्रमाने चालतं.

बर्फाला भोक पाडून पाण्यात उडी मारायचा प्रकार तुम्ही व्हिडिओत पाहिलाच असेल. लोकांना ती मर्दानगीची परीक्षा वाटते. खरं काम वेगळं आहे. गार पाण्यात पडताच श्वास आपोआप जोरात आत ओढला जातो, आणि तेव्हा तोंड पाण्याखाली असेल तर खेळ संपला. पहिला मिनिट श्वास ताब्यात आणण्याचा, त्यानंतरची दहा-एक मिनिटं हातपाय काम देण्याची, आणि शुद्ध हरपायला साधारण तास, असा ढोबळ हिशोब आहे. म्हणजे घाबरून जीव सोडण्याइतकी घाई मुळात नसते. रॉयल मरीन पाण्यातल्या जवानाकडून त्याचं नाव, हुद्दा आणि क्रमांक म्हणवून घेतात आणि बाहेर येण्याची परवानगी मागायला लावतात. बोलता येतंय म्हणजे श्वास ताब्यात आलाय. मग काठ्यांची टोकं बर्फात रुतवून वर यायचं, कोरड्या बर्फात लोळायचं, तो कपड्यांतलं पाणी टिपतो, आणि ताबडतोब कपडे बदलायचे. एकदा हे केलेल्या माणसाला पुढे गोठलेल्या तळ्यावरून जाताना भीती कमी आणि अक्कल जास्त असते.

आता जत्रेचा प्रश्न. एका देशाचं सैन्य थंडीत तरबेज असणं वेगळं आणि दहा देशांचं सैन्य एका वेळापत्रकात बसणं वेगळं. नॉर्वेचा जवान स्कीवरच वाढलेला असतो. सैन्यातल्या जड पांढऱ्या स्कींना तिकडे गमतीने ‘नाटोच्या फळ्या’ म्हणतात. अमेरिकन मरीन नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅम्प लेज्यूनसारख्या उबदार जागेहून येतो, त्यातल्या कित्येकांनी स्की हातातही धरलेली नसते, त्यांना सुरुवातीला स्नोशूवर, म्हणजे पाय बर्फात रुतू नये म्हणून बुटाखाली बांधायच्या रुंद जाळीवर, चालवतात. आता पहाटे पाचला दोघांनी एकाच कड्यावर पोहोचायचं आहे. नकाशावर अंतर सारखं. स्कीवाला मध्यरात्री निघाला तरी चालेल, स्नोशूवाल्याला संध्याकाळीच निघावं लागेल, म्हणजे त्याचं जेवण आणि पाणी दुपारीच, म्हणजे आदल्या दिवसाचा मुक्काम अलीकडे. मुख्यालयात बसलेला अधिकारी तिसऱ्याच देशाचा असतो आणि त्याच्या डोक्यात चालण्याचा वेग उन्हाळ्यातला असतो. ही गाठ वर्गात सुटत नाही. एकदा तुकडी चार तास उशिरा पोहोचली, तोफखान्याची मदत वाया गेली आणि पंचांनी कागदावर निम्मी कंपनी मारून टाकली, की मग सुटते.

भूगोलही याच बाजूचा आहे. नॉर्वे उत्तरेला इतका चिंचोळा होतो की ट्युसफ्योर्डच्या भागात समुद्राचं पाणी आणि स्वीडनची सीमा यांच्यात सहा-सात किलोमीटरच जमीन उरते. उत्तर-दक्षिण जाणारा मुख्य रस्ता ई६, आणि त्याच भागात बोगनेस ते स्कारबर्गेट हा टप्पा तो चक्क फेरीबोटीने ओलांडतो. रणगाड्यांची ब्रिगेड फेरीबोटीच्या रांगेत उभी असल्याचं चित्र डोळ्यांपुढे आणा. नॉर्वेचं स्वतःचं रेल्वेजाळं बोडोला संपतं. नार्विकला रेल्वे आहे, पण ती स्वीडनच्या किरुनाकडून, लोहखनिज आणण्यासाठी टाकलेली. त्यापुढे फिनलंडमध्ये शिरायचं तर रुळांची रुंदीच बदलते: स्वीडनची १४३५ मिलिमीटर, फिनलंडची १५२४. सगळं सामान सीमेवर उतरवून पुन्हा चढवायचं. म्हणून माझ्या मते स्वीडन आणि फिनलंड नाटोत आल्याचा खरा फायदा पूर्व-पश्चिम रस्ते खुले होण्यात आहे, जास्तीच्या विमानांत नव्हे. नॉर्डिक रिस्पॉन्समध्ये मला सगळ्यात रस होता तो याच कंटाळवाण्या भागात: कोणता पूल किती वजन पेलतो, सीमेवर कोणते कागद लागतात, डिझेल कोण देतो. साधं डिझेल कडाक्यात मेणासारखं घट्ट होऊन गाळणीत अडकतं, हिवाळी डिझेल वेगळं मिळतं. पाहुण्या सैन्याची टाकी घरच्या डिझेलने भरलेली असेल तर अख्खा ताफा पहिल्या थंड रात्री रस्त्यातच बसतो.

वेळ वाचवण्यासाठी किती आधीपासून तयारी करावी लागते याचं उदाहरण म्हणजे मध्य नॉर्वेतल्या ट्रोंडेलागमधल्या गुहा. अमेरिकन मरीनसाठी वाहनं, दारूगोळा आणि सामान १९८० च्या दशकापासून तिथे डोंगराच्या पोटात साठवून ठेवलेलं आहे. माणसं विमानाने यायची, सामान तिथेच तयार. ब्रिटनने २०२३ मध्ये उत्तर नॉर्वेत ओवरबिग्डला ‘कॅम्प व्हायकिंग’ हा तळ उघडला तोही याच हिशोबाने.

उंच अक्षांशावर संपर्काची आणखी एक भानगड असते, तिकडे वाचकांचं फारसं लक्ष जात नाही. दळणवळणाचे बरेच उपग्रह विषुववृत्तावर टांगलेले असतात. ७० अंश उत्तरेवरून ते क्षितिजाच्या वर जेमतेम अकरा-बारा अंशांवर दिसतात. फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांमध्ये शिरलेल्या चिंचोळ्या खाडीच्या, तळाशी उभे राहिलात तर दक्षिणेचा डोंगरच उपग्रह झाकतो. लघुलहरींचा रेडिओ उत्तरध्रुवीय प्रकाशाच्या रात्री खरखरतो. पर्यटक ज्यासाठी पैसे मोजून येतात तेच सिग्नलवाल्याची झोप उडवतं. त्यात बॅटऱ्या थंडीत निम्म्यावर येतात, म्हणून सुट्या बॅटऱ्या छातीशी, आतल्या खिशात. जीपीएसच्या लहरी अडवण्याचे प्रकार २०१८ च्या ‘ट्रायडेंट जंक्चर’ या नाटो सरावात घडले, नॉर्वेने त्यासाठी रशियाकडे बोट दाखवलं आणि रशियाने ते नाकारलं. होकायंत्र आणि कागदी नकाशा वापरता येणारे सेक्शन कमांडर अजून घडवावे लागतात ते यामुळे.

युक्रेनच्या युद्धापासून एक नवा पेच उभा राहिला आहे. ड्रोनवरच्या उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याला उणे वीसमधला गरम तंबू काजव्यासारखा चमकताना दिसतो. स्टोव्ह बंद केला तर माणसं गोठतात, चालू ठेवला तर तोफगोळा येतो. शिवाय ताज्या बर्फावरची स्कीची रेघ वरून स्वच्छ दिसते, आणि तिच्या शेवटी तुम्ही बसलेले असता. मग तुकड्या छोट्या करायच्या, विखरून ठेवायच्या, तुकडीतल्या सगळ्यांनी एकाच रेघेवरून जायचं, खोट्या वाटा पाडायच्या. पण विखुरलेल्या प्रत्येक तुकडीला स्वतःचा स्टोव्ह, स्वतःचा पहारा आणि स्वतःचं पाणी लागतं, म्हणजे परत वेळ. यावर पक्का तोडगा अजून कुणाकडे आहे असं मला वाटत नाही.

सरावात माणसं मरतात, हेही सांगितलं पाहिजे. ५ मार्च १९८६ ला ‘अँकर एक्स्प्रेस’ या नाटो सरावात नार्विकजवळच्या वासडालेन दरीत नॉर्वेच्या इंजिनिअर पलटणीतल्या ३१ जणांवर हिमस्खलन कोसळलं, १६ गेले. दरीतून वाट काढण्याचा हुकूम होता आणि त्या जोखमीबद्दल आधी शंका व्यक्त झाली होती. सराव तिथेच थांबवला गेला. हिमस्खलनात पुरलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलं तर वाचण्याची आशा मोठी असते, अर्ध्या तासानंतर ती झपाट्याने घटते. म्हणजे बाहेरून मदत येईपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो, शेजारच्यानेच खणायचं असतं. प्रत्येकाकडे बीकन (पुरलेल्या माणसाची जागा दाखवणारं छोटं रेडिओ यंत्र), लांब सळई आणि फावडं असतं ते यासाठी. १५ मार्च २०१२ ला कोल्ड रिस्पॉन्समध्ये नॉर्वेचं हर्क्युलिस विमान खराब हवेत स्वीडनच्या सर्वांत उंच केबनेकाइसे पर्वतावर आदळलं, पाचही जण गेले. १८ मार्च २०२२ ला बोडोच्या दक्षिणेला एका दरीत अमेरिकन मरीनचं ऑस्प्रे विमान कोसळलं, चार जण गेले. चौकशीत मात्र हवामानापेक्षा दरीत कमी उंचीवर घेतलेल्या तीव्र वळणांवर ठपका आला. प्रत्येक अपघात थंडीच्या खात्यावर टाकणं सोयीचं असतं, बरोबर नसतं.

रशियाला दाखवायचा देखावा? काही अंशी, हो, आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. कोला द्वीपकल्पावर रशियाच्या उत्तरी आरमाराचे तळ आहेत, अण्वस्त्रवाहू पाणबुड्या तिथेच असतात. पण व्हिएन्ना दस्तऐवजाचा, म्हणजे लष्करी हालचाली एकमेकांना कळवण्याबद्दल रशियासह युरोपातल्या देशांत झालेल्या समझोत्याचा, नियम असा आहे की ९ हजारांवर सैनिक असतील तर ४२ दिवस आधी कळवायचं आणि १३ हजारांवर असतील तर निरीक्षक बोलवायचे. २०२२ मध्ये रशियाला बोलावलं होतं, त्यांनी यायचं नाकारलं. अशा सरावातून समोरच्याला कळतं ते एवढंच, की किती दिवसांत किती माणसं कुठे पोहोचू शकतात. दाखवलेली वस्तू परत घड्याळच. स्थानिकांच्या दृष्टीने मात्र रेनडिअरचा प्रश्न मोठा असतो. मार्चमध्ये माद्या गाभण असतात आणि सामी लोकांचे, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांचे, कळप हिवाळी चराईवर असतात. रणगाड्यांच्या आवाजाने कळप उधळू नयेत म्हणून मार्ग आणि वेळा त्यांच्याशी बोलून ठरवाव्या लागतात.

राहता राहिला सियाचिनचा मुद्दा. सियाचिनवरचा जवान जगातल्या कुठल्याही थंडीला घाबरणार नाही, हे खरं. १९८४ पासून आपण तिथे आहोत आणि कोकणातली, देशावरची, केरळातली पोरं तिथे राहून आली आहेत. पण तिथला मुख्य शत्रू उंची आहे. साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो. भूक मरते, झोप लागत नाही, फुप्फुसात पाणी होऊन धडधाकट माणूस जातो. लढाई चौकीची आहे, हालचाल दोराने बांधलेल्या छोट्या पार्ट्यांची, रसद हेलिकॉप्टरची. थंडी भयंकर, पण बहुतांशी कोरडी. नॉर्वेत प्राणवायू भरपूर, त्यामुळे भूकही जबर. दिवसाला पाच-सहा हजार कॅलरी लागतात आणि माणूस त्या खाऊही शकतो. पण तिथे चौकी नाही. रोज हलायचं, रोज भिजायचं, शंभर-दीडशे माणसांची कंपनी वाहनांसकट जंगलातून न्यायची. ग्लेशियरवर मुरलेल्या जवानाला हिमदंश, स्टोव्ह, हिमस्खलन यांतलं काही शिकवावं लागणार नाही. त्याला लागेल ती स्की, ओल्या थंडीची सवय आणि मोठ्या तुकडीची हालचाल.

आपल्याकडे याचं शिक्षणच नाही असं नाही. गुलमर्गला १९४८ मध्ये जनरल थिमय्यांच्या पुढाकाराने स्की स्कूल सुरू झालं, त्याचंच पुढे हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल झालं. अमेरिकेबरोबरचा ‘युद्ध अभ्यास’ २०२१ मध्ये अलास्कातल्या एल्मेंडॉर्फ-रिचर्डसन तळावर, २०२२ मध्ये उत्तराखंडात औलीला आणि २०२५ मध्ये पुन्हा अलास्कात, फोर्ट वेनराइटला झाला. पण अलास्कातले हे दोन्ही सराव ऑक्टोबर आणि सप्टेंबरमधले, औलीचा नोव्हेंबर-डिसेंबरमधला. भर हिवाळ्यातल्या आर्क्टिकची चव त्यात येत नाही. अलास्कात अमेरिकेची ११ वी एअरबोर्न डिव्हिजन आहे, ती जानेवारी-फेब्रुवारीत उणे तीसमध्ये सराव करते. आपली एखादी कंपनी त्या दिवसांत तिथे राहून आली तर मला ते जास्त मोलाचं वाटेल.

आणि वाहनांकडे बघा. स्वीडनच्या अर्न्स्कोल्ड्सविकला बनणारं जोडडब्यांचं बँडवॅगन, म्हणजे रबरी पट्ट्यांवर चालणारं, मधे सांधा असलेलं वाहन, उत्तर युरोपातल्या सैन्यांचा बैल आहे. माणूस कमरेपर्यंत बुडतो त्या बर्फावरून ते सहज जातं, कारण जमिनीवरचा त्याचा दाब माणसाच्या पावलापेक्षाही कमी असतो. त्याच घराण्यातलं ‘बीव्हीएस१० सिंधू’ आता आपल्या सैन्यासाठी लार्सन अँड टुब्रोच्या हजिरा इथल्या कारखान्यात बनणार आहे. ते हातात आलं की चालक आणि मेकॅनिक यांना एक आख्खा हिवाळा नॉर्वे किंवा स्वीडनमध्ये धाडावं, अधिकाऱ्यांच्याही आधी. पट्टा निसटला तर उणे वीसमध्ये, अंधारात, हातमोजे न काढता तो पुन्हा कसा चढवायचा, हे पुस्तक वाचून येत नाही. तिथल्या कुठल्याही अनुभवी चालकाला ते झोपेतही जमतं.